ध्वनिसाम्याची भुताटकी

राजारामपुरीत आमच्या गल्लीतील एका सद्गृहस्थांच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या अगदी शेजारी, गेल्या उन्हाळ्यापासून एक परदेशी पाहुणा उभा आहे. उंची हातभर, दाढी पांढरीशुभ्र, डोक्यावर तांबडी टोकदार टोपी आणि हातात कंदील. इंग्रजीत या बाहुल्यास ‘नोम’ म्हणतात. गल्लीतील मुलांनी त्या नावाचा अर्थ विचारला, तेव्हा कोणी ‘भूत’ सांगितले, कोणी ‘बुटका’, तर कोणी ‘नाताळचा म्हातारा’. एवढ्यावर भागले असते तर आम्हांस लेखणी उचलण्याचे कारण पडले नसते. परंतु पुढे एका व्याख्यानात एका विद्वान वक्त्यांनी असा सिद्धांत मांडला की, ‘नोम’ हा आमच्या ‘ज्ञान’ शब्दाचाच अपभ्रंश होय, इंग्रजी लेखनात त्याच्या आरंभी जो मुका ‘ग’ आहे, तो ‘ज्ञ’चाच अवशेष, सबब हा दाढीवाला म्हणजे युरोपात जाऊन राहिलेला आमचाच एक ज्ञानी ऋषी! सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही टाळी वाजवली नाही, आणि ती का वाजवली नाही हे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम वक्त्यांच्या पदरात त्यांचे माप टाकतो. ग्रीक भाषेत ‘ग्नोमे’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ मत, निर्णय, सुभाषित. इंग्रजीत तोही ‘नोम’ असाच लिहिला जातो. सूर्यघडीतील सावली पाडणाऱ्या काठीस, म्हणजे आमच्या ज्योतिषातील शंकूस, ‘ग्नोमोन’ म्हणतात. तो काळ जाणवून देणारा. ‘जाणणे’ या अर्थाचे जे इंग्रजी क्रियापद आहे त्याच्या आरंभीही एक मुका ‘क’ लिहिला जातो. हे सर्व शब्द आणि आपला ‘ज्ञा’ धातू एकाच कुळातील आहेत, यात शंका नाही. 1786 साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे नाते बोलून दाखवले, आणि पुढील शतकात पंडितांनी शेकडो शब्दांची ओळीने तपासणी करून ते नियमांनी सिद्ध केले. एखाददुसरा शब्द कानास गोड लागला म्हणून कोणी ते मान्य केलेले नाही.

परंतु अंगणातला दाढीवाला या घराण्यातला नव्हेच. त्याचे नाव सोळाव्या शतकातील पॅरासेल्सस या स्विस वैद्याच्या लेखनात प्रथम आढळते. हा वैद्य 1541 साली वारला. जलदेवता व इतर भूतयोनींवरचा त्याचा ग्रंथ 1566 साली छापून निघाला. ग्रीकांची चार महाभूते घेऊन त्याने प्रत्येकात एकेक जात वसवली: पाण्यात उंदिना, हवेत सिल्फ, अग्नीत सॅलॅमँडर आणि मातीत हे ठेंगू नोम. आपण हवेतून हिंडतो तसे ते मातीतून हिंडतात, अशी त्याची कल्पना. हे नाव त्याने कोठून आणले? ‘भूमीत राहणारा’ अशा अर्थाचा एक ग्रीक शब्द मुळाशी असावा असा तर्क करतात. पण तसा शब्द जुन्या ग्रीक ग्रंथांत सापडत नाही, आणि वैद्यबुवांनी तो मनानेच घडवला असण्याचाही संभव आहे. कोशकार येथे थांबतात. आमचे वक्ते मात्र थांबले नाहीत!

त्यांस जर साम्यच हवे होते, तर याहून मोठे साम्य आम्ही त्यांच्या हाती दिले असते. आपल्या ‘भूत’ शब्दाचा मूळ अर्थ ‘झालेले’; त्यावरून गेलेला काळ, प्राणी, पंचमहाभूते आणि पिंपळावरचे भूत हे चारही अर्थ निघाले. म्हणजे महाभूत आणि पिशाच यांना आम्ही एकच शब्द योजतो, व पॅरासेल्सस महाभूतांतच पिशाचे बसवतो! काय विलक्षण योग! परंतु म्हणून त्याने आमचे पंचीकरण चोरले असे म्हणावे काय? दोन अंगणांत एकाच रंगाची जास्वंद फुलली, तर एका घराने दुसऱ्याची फांदी तोडली असे कोणी म्हणत नाही.

पुढे या नोमचा संसार फार वाढला. जर्मन खाणींतील मजूर त्याच्याच जातीच्या ‘कोबोल्ड’ नावाच्या खोडकर पिशाचास भीत. ज्या खनिजातून धातू न निघता विषारी धूर निघे, त्याला ते त्या पिशाचाचे नाव देत. त्याच खनिजातून अठराव्या शतकात ब्रांट या स्वीडिश शास्त्रज्ञाने नवी धातू वेगळी काढली, आणि आज आमची मुले रसायनाच्या पुस्तकात ‘कोबाल्ट’ म्हणून त्या पिशाचाचे नाव पाठ करतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत बागेसाठी मातीचे नोम घडू लागले; 1847च्या सुमारास सर चार्ल्स आयशॅम यांनी ते इंग्लंडात आपल्या बागेत नेले. 1964 साली पौंड घसरू लागला, तेव्हा ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांनी झुरिकच्या सावकारांस ‘नोम’ म्हणून शिव्या घातल्या. कारण भूमीत दडून धन राखणे हा त्यांचा धंदा! 1997 पासून संगणकाच्या पडद्यावरील एका मुक्त कार्यव्यवस्थेसही हेच नाव आहे. तेथे तर ती मुळात एका लांबलचक नावाची आद्याक्षरे होती. यांपैकी कोणत्या नोमला आमचे वक्ते ऋषी म्हणणार?

आता घराकडे वळू. भूमिगत धन राखणारा ठेंगू, ढेरपोट्या देव आपल्यास हवाच असेल, तर तो उसना आणण्याची गरज नाही. कुबेराचे निधी राखणारे यक्ष आणि गुह्यक आपल्या वाङ्मयात आहेत. अमरकोशाने त्यांची गणना देवयोनींत केली आहे, आणि मेघदूतातल्या विरही यक्षास कालिदासाने ‘गुह्यक’ही म्हटले आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत असा एक बुटका यक्ष सापडला. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा दगडी गृहस्थ तोंडभर हसतो आहे, आणि कान्हदास नावाच्या सोनाराने आपल्याला घडवले, हे त्याच्या अंगावर कोरलेले आहे. संस्कृत ‘यक्ष’ प्राकृतात ‘जक्ख’ झाला, आणि ‘यक्षिणी’ची मराठीत ‘जखीण’ झाली. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो, म्हणून यात्रेची जत्रा झाली. ‘क्ष’चा ‘ख’ होतो, म्हणून लक्षाचे लाख आणि रक्षेची राख झाली. पाहा, येथे प्रत्येक अक्षराला साक्षीदार आहे! यास व्युत्पत्ती म्हणतात. आणि तिचा निकाल नेहमीच सुखावह असतो असे नाही: अलकानगरीची यक्षिणी खाली उतरत उतरत शेवटी लहान मुलांना भिवविणारे स्त्रीपिशाच झाली. सभेत ही कुळकथा सांगितली तर टाळ्या पडणार नाहीत. पण ती खरी आहे आणि आपली आहे.

आमचे एक स्नेही म्हणाले, “असेना का चूक! त्याने चार माणसांचा स्वाभिमान वाढला, तर तुमचे काय गेले?” गेले ते हे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की त्यांचा संबंध आहेच, असे मानणे हा मांत्रिकाच्या शास्त्राचा पाया आहे. बाहुलीला टाचणी टोचली की माणसाला कळ येते, हे त्याचेच उदाहरण. आमच्या प्रांतात धन राखणाऱ्या भुताची गोष्ट आजीच्या मांडीवरच राहत नाही. गुप्तधन काढून देतो म्हणून घरे खणणारे व त्यासाठी माणसांचा छळ करणारे लोक येथे आहेत, आणि म्हणूनच 2013च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या बहाण्याने होणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. पुरावा न मागता टाळी वाजविण्याची सवय ज्या समाजास सभागृहात लागते, त्यास ती ओसाड वाड्यात अचानक कशी सुटणार?

याच कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात, माधवराव पटवर्धन ऊर्फ माधव ज्यूलियन शिकवीत असत. परकी शब्द मराठीतून काढावेत या त्यांच्या ‘भाषाशुद्धिविवेका’तील आग्रहाशी आम्ही पूर्णपणे सहमत नाही. पण तो आग्रह धरण्यापूर्वी या गृहस्थांनी 1925 सालीच फारसी-मराठी कोश सिद्ध केला होता. ज्या शब्दाला घराबाहेर काढावयाचे, त्याचे गाव आणि गोत्र त्यांनी आधी विचारून घेतले. मग ज्याला घरात घेऊन आपला पूर्वज ठरवावयाचे, त्याची चौकशी किती कसून व्हावयास हवी!

असो. अंगणातल्या त्या पाहुण्याशी आमचे वैर नाही. टेबल आणि स्टेशन जसे आले तसा ‘नोम’ही मराठीत सुखाने नांदो. मुलांनी विचारले, तर सांगावे की हा जर्मनीकडचा. याचे नाव एका वैद्याने ठेवले, आणि ते त्याला कोठे सापडले हे अजून कोणास ठाऊक नाही. ‘ठाऊक नाही’ हे शब्द मुलांसमोर उच्चारण्यास वडील माणसांनी लाजू नये. ‘ज्ञा’ धातूचा मान राखण्याचा आम्हांस तरी याहून चांगला मार्ग दिसत नाही.