भाषेवाचून व्यापार

बारावीला जर्मन घेतली म्हणजे गुण हमखास मिळतात, असे सांगणारे पालक आम्हांस पदोपदी भेटतात. परीक्षा संपली की पुस्तक रद्दीत जाते, व भाषाही त्याच्या मागोमाग जाते. वाणिज्य शाखेच्या मुलाने कीर्दखतावणी शिकावी, भाषेच्या नादी लागू नये, असा उपदेश करणारेही पुष्कळदा तेच! भाषा ही हौस आणि व्यापार ही उपजीविका, अशी वाटणी आमच्या सुशिक्षित वर्गाने करून ठेविली आहे. ती आम्हांस साफ नामंजूर आहे.

अमेरिकेतील उदाहरण पाहा. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, ॲरिझोना राज्यात वैमानिकांच्या शिक्षणाकरिता बांधलेल्या थंडरबर्ड विमानतळावर लेफ्टनंट जनरल बार्टन यौंट यांनी परदेशी व्यापाराची पाठशाळा उघडली. व्यापार, परभाषा आणि परदेशांचे समाजजीवन, अशा तीन पायांवर तिचा अभ्यासक्रम उभा होता. पुढे १९८३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लॉडर संस्था निघाली. तेथे व्यवस्थापनाची व आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी जोडीने घेता येते, आणि भाषा तिचा गाभा आहे. ज्यांची इंग्रजी जगभर चालते त्यांस परभाषेची गरज भासावी, आणि आम्हांस मात्र भासू नये, हे नवल नव्हे काय?

कोणी म्हणेल, आता यंत्र क्षणात भाषांतर करून देते. दरपत्रकाचे भाषांतर ते खुशाल करो. परंतु जपानी गृहस्थ ‘हाय’ म्हणतो, तेव्हा ‘आपले बोलणे ऐकले’ एवढेच तो पुष्कळदा सुचवितो. सौदा ठरला असे समजून आनंदाने घरी परतणाऱ्यास यंत्र कसे वाचविणार?

हा धडा परदेशातूनच आणावयास पाहिजे असेही नाही. मारवाडातून आमच्या खेड्यांत आलेल्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याशी मराठीत बोलून, त्याचे सणवार व पीकपाणी जाणून दुकान थाटले. आम्ही त्यास नावे ठेविली. त्याचा गुण मात्र उचलला नाही. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाल्यापासून आमच्यात वाणिज्याचे पदवीधर थोडे झाले नाहीत. पण परक्या बाजारात स्वतःची पेढी काढण्याची उमेद त्यांपैकी कितीजणांत दिसते?

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाखाशाखांतील भिंती पाडण्याचा संकल्प सोडला आहे. परंतु त्या भिंती विद्यालयाआधी आमच्या घरांत उभ्या आहेत. वाणिज्य शिकणाऱ्या मुलीची जर्मन परीक्षेनंतर सुटू देऊ नका. भाषेत रमणाऱ्या मुलास जमाखर्च शिकवा. एवढे तरी कोणत्याही सरकारी हुकुमावाचून आजच करता येण्यासारखे आहे.