सर्वांत मागचा सोबती

दरसाल पावसाळ्यांत पन्हाळगडाहून पावनखिंडीकडे तरुणांच्या तुकड्या पायीं निघतात. हा उपक्रम स्तुत्य होय. परंतु खिंडींत प्रथम कोण पोंचला, ह्यास महत्त्व देऊं नये. सन १६६० मध्यें ती खिंड पावन झाली, ती पुढच्यांसाठीं मागें थांबलेल्या बाजीप्रभूंमुळें. भिजलेल्या अंगावरून वाहणारा वारा शरीराची ऊब हरण करितो. पाय अडखळतात, बुद्धि मंदावते, आणि थकलेल्यास आपलीच अवस्था उमगत नाहीं. ती सोबत्यानेंच ओळखावयाची असते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, जो सर्वांत हळू चालतो त्याच्या गतीनें सर्वांनीं चालावें. ओढा फुगलेला दिसल्यास सर्वांनींच परतावें. त्यांत भ्याडपणा नाहीं. पालकांनींही घरीं परतलेल्या मुलास, "किती चाललास?" ह्याआधीं "कोणास सांभाळलेंस?" असें विचारावें.