काळी थीम की पांढरी?

मंडळी, एफ-१२ दाबल्यावर उघडणाऱ्या त्या खिडकीकडे आपण दिवसातले कित्येक तास बघतो. पण तिचा रंग बदलायचा म्हटलं की लोक म्हणतात, "रिकामटेकडे धंदे!" मला हे पटत नाही.

मुळात काम अर्ध्या मिनिटाचं. क्रोममध्ये डेव्हटूल्स उघडून एफ-१ दाबा आणि थीम निवडा. फायरफॉक्समध्ये तीन ठिपके, मग सेटिंग्ज. झालं.

आता निवडायचं काय? प्रोग्रामर म्हणजे काळी स्क्रीन, अशी एक फॅशनच आहे. मोझिलाने २०१४ मध्ये फायरफॉक्सची डेव्हलपर एडिशन आणली, तीही काळ्या रूपात. वाचनाच्या प्रयोगांत मात्र बहुतेकदा उलटं दिसतं. पांढऱ्यावरची काळी अक्षरं जास्त अचूक वाचली जातात, कारण उजेडात डोळ्याची बाहुली आकसते आणि बारीक अक्षरं रेखीव दिसतात. अर्थात रात्री अकराला दिवे मालवलेल्या खोलीत तीच पांढरी स्क्रीन डोळ्यांत खुपते. दुपारी खिडकीपाशी काळ्या स्क्रीनवर कोडपेक्षा स्वतःचा चेहराच जास्त दिसतो. बॅटरी वाचते म्हणाल, तर ती ओएलईडीवर. एलसीडीचा मागचा दिवा काळ्या रंगातही जळतच असतो. थोडक्यात काय, फॅशन नको, खोलीतला उजेड बघा.

पण यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. क्रोममध्ये पूर्वी कस्टम डॉट सीएसएस नावाची फाइल असायची. तिच्यात चार ओळी लिहून लोक डेव्हटूल्स हवी तशी रंगवायचे. २०१४ मध्ये ती सोय गेली. आज क्रोमच्या रेंडरिंग टॅबमध्ये आपलं पान रंगांधळ्या माणसाला कसं दिसेल ते बघता येतं. फारच छान! पण तोच माणूस डेव्हलपर असेल तर? लाल आणि हिरव्यात गल्लत होणाऱ्याला कोडमधला एकेक रंग स्वतःसाठी बदलायची सोय सेटिंग्जमध्ये नाही. त्याने उजळ किंवा गडद, यातच भागवायचं.

गंमत म्हणजे डेव्हटूल्स स्वतःच एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये बनलेली आहेत. म्हणजे अडचण तंत्राची नाही, ही सोय कुणाला गरजेची वाटते याची आहे.

असो. सोमवारी ऑफिसात स्क्रीन शेअर करताना समोरच्याला एकदा विचारा, "नीट दिसतंय ना?" नाही म्हणाला, तर थीम बदला. अर्ध्या मिनिटाचं तर काम आहे!