ट्रोलच्या बुद्धीला कुलूप कोणी घातलं?

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्यातली थोरली मंडळी म्हणतात, पोरं वाया गेली. समीक्षक तर हा शब्दच तोंडात घेत नाहीत. दोघांनाही जरा बाजूला बसवू. रात्रपाळी उरकून आलेला पोरगा तास-दोन तास कशात डोकं घालतो, तिथे त्याच्या डोक्यात कोण काय भरतंय, हे बघायचं की नाही? कवितेला जसं उलटंपालटं करून बघतो तसं गेमलाही बघितलं पाहिजे. दयामाया नको.

गेमचं नाव 'शॅडोरन: हाँगकाँग'. २० ऑगस्ट २०१५ ला आला. बनवणारी कंपनी अमेरिकेतली, हेअरब्रेन्ड स्कीम्स. किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणी मागितली एक लाख डॉलर, गोळा झाले बारा लाखांच्या घरात. मूळ खेळ त्याहून जुना, १९८९ चा. कागद, पेन्सिल, फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. तो रचणाऱ्यांपैकी जॉर्डन वाइसमन हाच या कंपनीचा म्होरक्या. म्हणजे बाटली नवी असली तरी दारू जुनी, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

काळ २०५६ चा. सायबरपंक म्हणतात तो प्रकार : वर काचेचे मनोरे, खाली चिखल, आणि चिखलातल्या माणसाच्या कवटीत कॉम्प्युटरची पिन खुपसलेली. वरून जगात जादू परत आलीय. काही पोरं एल्फ आणि बुटकी जन्मली, मग एके दिवशी चांगली चालतीबोलती माणसं ऑर्क आणि ट्रोल होऊन बसली. सुळे, शिंगं, आडवंतिडवं अंग. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. सरकारं नावाला, हाँगकाँग तर उघडउघड कंपन्यांच्या मंडळाच्या खिशात. यात कल्पना किती आणि बातमी किती ते ज्याचं त्याने ठरवावं. न्हावाशेव्याला बंदर सरकारी, धक्के चालवणारे खाजगी, त्यांच्याखाली ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, आणि पार तळाला आम्ही, लॅशिंगच्या टोळीतले, कंटेनरला सळ्या लावणारे. मला २०५६ ची वाट बघायची गरज नाही.

या जगात माणसाला एक नंबर असतो. सिस्टिम आयडेंटिफिकेशन नंबर, आद्याक्षरं जोडली की 'सिन'. इंग्रजीत सिन म्हणजे पाप. नंबर असेल तर तू आहेस; नसेल तर बँक नाही, दवाखाना नाही, मेलास तर पंचनामा नाही. तुम्ही हाँगकाँगला उतरता, पहिल्या तासाभरात गोळीबार होतो, तुमचा नंबर जाळला जातो आणि कागदोपत्री तुम्ही मेलेले. मग गोदीकाठच्या हेओई वस्तीत 'दयाळू चेंग' नावाची बाई तुम्हाला आसरा देते. सगळे तिला मावशी म्हणतात. ती टोळ्यांची मुकादम. आसऱ्याच्या बदल्यात ती सांगेल ते काम. ह्या बाईला मी पहिल्या वाक्यात ओळखलं. आमच्याकडेही उचल देणाऱ्याला काका म्हणतात. गोड बोलणं, पाठीवर हात, आणि हिशेबाची वही स्वतःच्या उशाखाली. ही बाई लिहिणाऱ्याला कर्जाने बांधलेला माणूस कळलाय, हे मोकळेपणाने मान्य करतो.

खेळायची रीत पाळी-पाळीची. आधी तुमची टोळी, मग शत्रूची. प्रत्येकाला पाळीला दोन-तीन हालचाली. पळायचं, आडोसा धरायचा, गोळी घालायची, की जखमी साथीदाराला पट्टी करायची? सगळं एका पाळीत होत नाही. आपल्याला हे आवडलं. धडाधड गोळ्या घालायच्या गेममध्ये ज्याचा अंगठा चपळ आणि फोन महाग तो जिंकतो. इथे डोकं चालतं, आणि जुन्या लॅपटॉपवरही भागतं. मी खेळलो तो लॅपटॉप वरोरच्या एका दोस्ताचा, सेकंडहँड, बॅटरी गेलेली, वायर काढली की खल्लास. दोस्त मांगेल्याचा पोरगा, दागिन्यांच्या डाय कोरतो. लाईट गेली की आम्ही पुढच्या पाळीवर भांडायचो.

दुसरी खरी हुशारी बोलण्यात आहे. तुमच्याकडे बोलणं-वागणं हा गुण वाढला की एकेक 'एटिकेट' मिळतो : रस्त्याचा, गँगचा, कंपनीचा, पहारेकऱ्यांचा, कॉलेजवाल्यांचा, बड्या घरचा. ज्या भाषेची किल्ली आहे तेच दार उघडतं. पहारेकऱ्याशी त्याच्या बोलीत बोललात तर गोळी न झाडता आत. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधीतरी गेटवर उभं राहून पास मागितला असणार. बोलीत वट असते, हे आपल्याला शाळेत पहिल्या दिवशी कळलं, 'आनी-पानी' म्हटल्यावर वर्ग हसला तेव्हा. गेममध्ये ते पहिल्यांदा बघितलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कथा. मध्यावर काउलूनची तटबंद वस्ती. ही खरोखर होती : अडीच-पावणेतीन हेक्टरांत तीसेक हजार माणसं, एकावर एक. १९९३-९४ ला पाडली, आता तिथे बाग आहे. गेममध्ये ती पुन्हा उभी राहिलीय. तिथल्या माणसांना रोज तीच भयाण स्वप्नं पडतात, तिथे काहीच धड होत नाही. लोक म्हणतात नशीब. पण गेम खोदत जातो आणि दाखवतो की शहरात एक मनोरा आहे, समृद्धी टॉवर, त्यात नशीब ओढून घेणारं यंत्र बसवलंय. मनोऱ्याची भरभराट आणि वस्तीची अवदसा एकाच नकाशावर आखलेली. च्यायला, हे वाचून मी दोस्ताला झोपेतून उठवलं. गरिबाचं दुर्दैव कुणीतरी इंजिनिअर लावून बांधलेलं असतं, हे इतकं सरळ सांगणारी मराठी कादंबरी मला तरी भेटली नाही.

इथवर कौतुक. आता लोच्या.

गेम सुरू करताना आपला माणूस घडवायचा असतो. ताकद, अंग, चपळाई, बुद्धी, मनोबल, बोलणं-वागणं. त्यासाठी गुण मिळतात. त्या गुणांना म्हणतात काय? 'कर्मा'. हो, आपलंच कर्म. अमेरिकेला जाऊन आलं. आणि तुम्ही जात निवडता (त्यांच्या भाषेत रेस) तेव्हा साध्या माणसाला सुरुवातीलाच जास्तीचं कर्म. का? माणूस म्हणून जन्मला म्हणून. ऑर्क घेतला तर अंगाची आणि ताकदीची मर्यादा वर, बोलण्या-वागण्याची खाली. ट्रोल घेतला तर अंग त्याहून वर, बुद्धी खाली, बोलणं त्याहून खाली. हमालाला शोभेल असं सगळं. पाठ रुंद, डोकं लहान, तोंड बंद.

मी मुद्दाम ट्रोल घेतला आणि त्याला डेकर केला, म्हणजे मेंदूला तार लावून कंपन्यांच्या जाळ्यात घुसणारा. ते काम बुद्धीवर चालतं. पहिले कित्येक तास फरक कळत नाही. कमावलेलं कर्म एकेका घरात भरत जातो, बुद्धीची रांग पुढे सरकते, वाटतं सगळ्यांना सारखंच आहे. आणि एक दिवस रांग संपते. हातात कर्म शिल्लक, पण ट्रोलला पुढे घरच नाही. माणसाची रांग मात्र पुढे चाललेली. आपल्यातले जे शिकून हापिसात चिकटले त्यांना ही थांबलेली रांग कुणी समजवायला नको.

बोलणंही कमी, म्हणून किल्ल्याही कमी. म्हणजे जो सगळ्यात जास्त गेटवर अडवला जातो त्याच्याच खिशात गेट उघडायचे शब्द थोडे. आणि हे कोणा दुष्ट कंपनीने केलेलं नाही बरं का. हे गेमच्या वहीने केलंय. संवादांमध्ये ऑर्क-ट्रोलांचा द्वेष करणारे लोक हलकट म्हणून रंगवलेत. तुमचा भाऊ डंकन ऑर्क आहे, साथीदार गॉबेट ऑर्क आहे, उंदराच्या आत्म्याशी बोलणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. मुडदे खाणारा गायचू तर त्या जगातला पक्का बहिष्कृत, आणि सगळ्यात सभ्य तोच. लिहिणाऱ्यांचं मन साफ आहे. पण तोंडाने आपल्या बाजूने बोलायचं आणि मोजताना त्यांच्या मापाने मोजायचं, असे पुरोगामी आपण गेमच्या बाहेरही पुष्कळ बघितलेत.

दोस्त म्हणाला, "अरे भावा, एवढं काय मनाला लावतोस? ट्रोल आठ फुटी आहे, त्याला ताकद जास्त नको का? ती कल्पनेतली जात आहे." ताकद जास्त, कबूल. आठ फुटी माणूस ओझं जास्त उचलणार. पण आठ फूट उंची झाली म्हणून बुद्धी कुठून कमी झाली? ती कोणी मोजली? आपल्या देशात मोजणारे येऊन गेलेत. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावत होता. पुढे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांच्या मापांचेच आकडे समोर ठेवून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. मापाला माप लावून मारलं. तेव्हा आकड्यांत जात नसते असं निदान आपल्याला तरी सांगू नका. आकडा गुपचूप बसतो, म्हणून जास्त डसतो. संवाद वाचून विसरायला होतो. रांग कुठे थांबते ते हात शिकतो.

आणि दुसरा इलाज नव्हता असंही नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या सगळ्या खेळांचा आजा. त्याच्या २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात जन्मावरून मिळणारे वाढीव गुण काढून टाकले आणि माणूस काय काम करून वाढला त्यावर ठेवले. आजाला पन्नास वर्षं लागली, पण जमलं. शॅडोरनवाल्यांनी १९८९ ची वही २०१५ ला तशीच उघडली.

दुसरा दोष माझ्या मते याच्याइतकाच जड आहे. नशीब ओढणारं यंत्र दाखवलं, इथवर झकास. मग यंत्रामागे कोण? हजार दातांची राक्षसीण. हात्तिच्या! म्हणजे पुन्हा भुताटकीच. शेवटी तिच्याशी लढा, नाहीतर सौदा करून आपल्या टोळीचं भलं करून घ्या. ज्या वस्तीसाठी हा सगळा खटाटोप, तिला कोणी विचारत नाही. तिथे वाढलेली एक इसोबेल टोळीत आहे, ती बोलते, तुटक बोलते, छान बोलते. बाकीची हजारो माणसं स्वप्नं बघून कण्हतात. एक सभा नाही, एक मोर्चा नाही, मावशीच्या हिशेबाची वही बघायला मागणारा एक माणूस नाही.

मी हे वरोरला बसून खेळत होतो म्हणून जास्त टोचलं. बाजूला वाढवण. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथल्या बंदराला मंजुरी दिली : खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव. ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी, आणि किनाऱ्यावर निषेध. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणला बंदर नको म्हटलं होतं. त्याच प्राधिकरणाला २०२३ च्या जुलैमध्ये ते अटी घालून चालेल असं वाटलं. मधे कुठलीही हजार दातांची बाई समुद्रातून आली नाही. बैठका झाल्या, अहवाल झाले, सह्या झाल्या. आणि किनाऱ्यावरच्या बायका 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' म्हणत रस्त्यावर बसल्या, त्यांना कुठल्या पाहुण्या टोळीने शिकवलं नव्हतं. बंदर झालं तर काम मिळेल म्हणणारेही गावात आहेत, त्यांच्यावर मी दात खात नाही. क्रेन आल्यावर टोळीचं काय होतं ते त्यांना एकदा न्हावाशेव्याला नेऊन दाखवीन. पण गेमला या दोन्हीपैकी कुणीच दिसत नाही. त्याला फक्त मनोरा दिसतो आणि भूत दिसतं.

किरकोळ दोष भरपूर आहेत. कंपन्यांच्या जाळ्यात शिरलात की पाळीची रीत मोडून पहारेकऱ्यांना चुकवत पळापळ, मग आकडे लक्षात ठेवायची कसरत. कंटाळा आणणारं काम. मारामारी अर्ध्यानंतर सोपी होते. मजकूर सगळा इंग्रजी, आवाज नाही, नुसतं वाचत राहायचं. मॅट्रिकच्या इंग्रजीवर मला जड गेलं, तरी डिक्शनरी घेऊन रेटलं. रात्रशाळेत एवढं इंग्रजी कोणी शिकवलं नसतं. हाँगकाँगची माणसं उठताबसता नशीब आणि फेंगशुई बोलतात, जणू तिकडे कोणी भाड्याबद्दल बोलतच नाही. अमेरिकेत बसून लिहिलं की असं होतं. त्याआधीचा २०१४ चा 'ड्रॅगनफॉल', बर्लिनचा, या बाबतीत सरस. तिथली वस्ती आपला कारभार आपण चालवते आणि शेजारीपाजारी तोंड उघडतात. एकच घ्यायचा तर तो घ्या. गोदीवाल्याने मात्र हाँगकाँगच घ्यावा.

बनवणाऱ्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. २०१८ ला स्वीडनच्या पॅराडॉक्सने कंपनी विकत घेतली, २०२३ ला बहुतेक कामगारांना घरी पाठवलं, मग दोघांनी काडीमोड घेतला. कंपन्यांविरुद्ध गेम लिहिणाऱ्यांना कंपनीनेच नारळ दिला.

या गेमसोबत त्याचा एडिटरही फुकट येतो. त्यात आपली वस्ती, आपली माणसं, आपले संवाद घालून नवी कथा रचता येते. आम्ही वरोर करायला घेतलंय. दोस्ताने किनारा आणि बोटी मांडल्या, मी वाणगाव स्टेशन, गेट आणि मुकादम लिहिला. अडलंय सभेवर. खेळाडूच्या हाताखाली एका वेळी चारच माणसं चालतात, आणि आमच्या सभेला निदान चारशे तरी पाहिजेत. कोणाला यातलं कळत असेल तर रविवारी या, लॅपटॉप आहे, वायर घट्ट बसवलीय.