गोगलगायींची ठेकेदारी

मागच्या शनिवारी सकाळी अकोल्याहून मावसभावाचा फोन. "अबे, गोगलगायी सगळ्या उलट्या पडल्या. पान्याले वास येऊन राह्यला. काय करू आता?"

त्याचा टँक ६० लिटरचा, खाऱ्या पाण्याचा, सुरू करून जेमतेम पाच आठवडे झालेले. दोन क्लाउनफिश होते. त्यात साहेबांनी ऑनलाईन 'क्लीनअप क्रू' नावाचं पॅकेज मागवलं. १२ गोगलगायी, ५ हर्मिट खेकडे आणि वाळू चाळणारा १ तारामासा. हिशेब काय, तर दर गॅलनला एक प्राणी. ६० लिटर म्हणजे १६ गॅलन, वर दोन फुकट. थर्माकोलच्या डब्यात बसून मंडळी मुंबईहून अकोल्याला आली आणि त्याने पिशव्या उघडून सगळे थेट टँकमध्ये ओतले.

मी कॅनमध्ये ४० लिटर मीठपाणी भरलं आणि मूर्तिजापूरमार्गे अकोला गाठलं. अर्धं पाणी बदललं, मेलेले शंख काढले. एक क्लाउनफिश वाचला.

आता माझा राग. तो भावावर नाही (थोडा आहे), त्या 'दर गॅलनला एक' वर आहे. गोगलगाय पाणी खात नाही हो, ती काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ खाते. मग हिशेब लिटरमध्ये कशासाठी? कारण लिटर मोजायला सोपे आणि आकडा मोठा येतो. पाच आठवड्यांच्या टँकमध्ये शेवाळ असतं किती? काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखा थर, बस. तो दोन-तीन गोगलगायी आठवड्यात फस्त करतात. बाकीच्या नऊ उपाशी मरतात, कुजतात, अमोनिया वाढतो आणि जे साफ करायला आणलं तेच घाण होऊन बसतं.

आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, जावामध्ये गार्बेज कलेक्टर असतो म्हणून मेमरी लीक होणारच नाही असं समजणारा ज्युनियर प्रत्येक टीममध्ये एक असतो. क्लीनअप क्रूचं तसंच आहे. गोगलगाय शेवाळ खाते आणि त्याच पाण्यात शी करते. नायट्रेट टँकमधून बाहेर जात नाही, फक्त जागा बदलतं. ते बाहेर काढायचं तर बादली घेऊन पाणी बदलावं लागतं, आणि माशांना चिमूटभर कमी खायला घालावं लागतं. आपण दिवसातून तीनदा मूठभर टाकणार आणि वर बारा गोगलगायींना सफाईचा ठेका देणार. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले तिथे राहून एवढं तरी कळायला हवं, की खराटा आधी आपल्या हातात घ्यायचा असतो. इथे खराटा म्हणजे जुना टूथब्रश. तीस रुपये.

शिवाय आपलं वऱ्हाड. समुद्र साडेपाचशे-सहाशे किलोमीटर लांब, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास. टँकवर पंखा लावला की दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं, मीठ मात्र मागे राहतं. ३५ ची क्षारता तीन दिवस पाणी न भरता जवळपास ३९ वर जाते. मासा एखाद वेळेस सहन करेल. गोगलगायीच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर खारट होत जातं, तिला पळायला जागा नाही. म्हणून इथे क्रूचा पहिला मेंबर म्हणजे आरओच्या पाण्याचा कॅन. भावाचे शेजारचे काका म्हणाले, "खारं पानीच पाह्यजे तं बोअरचं घ्या ना, पैसे कायले घालवता?" काका खारपाणपट्ट्यातले, बोलण्यात तथ्य आहे :) पण पूर्णाकाठच्या बोअरचे क्षार वेगळे आणि समुद्राचे वेगळे.

बरं, निवड करायचीच असेल तर डोकं लावून करा. ट्रोकस गोगलगाय पडली तर स्वतः उलटी होऊन उभी राहते, अ‍ॅस्ट्रियाला बहुतेक वेळा ते जमत नाही. नेराइट काच छान चाटते, पण ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, रात्री टँकबाहेर फिरायला निघते, झाकण हवं. नॅसॅरियस वाळूत दडून असते आणि उरलेलं खाणं आलं की वर येते, शेवाळाशी तिला देणंघेणं नाही. हर्मिट खेकडा शंखासाठी गोगलगायीचा खून करतो, त्याला सफाई कामगार कोण म्हणालं? आणि वाळूतला तारामासा वाळूतले सूक्ष्म जीव संपवतो आणि मग काही महिन्यांत उपासमारीने मरतो. भावाचा तर आल्या दिवशीच गेला. पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंबथेंब मिसळत तास-दोन तास दिले असते तर निदान तेवढं टळलं असतं.

आणि 'वाळू साफ करायला' म्हणून कुणी समुद्रकाकडी दाखवली तर दुकानातून बाहेर पडा. दगडी प्रवाळ आणि समुद्रकाकड्या २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात टाकल्या गेल्या, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेळघाटात वाघाचा फोटो काढून स्टेटसला टाकणारे आपण, आणि हॉलमध्ये शोभेला प्रवाळाचा तुकडा! विक्रेता "सर, सगळे ठेवतात" म्हणतो. ठेवत असतील.

असो. भावाकडे आता एक ट्रोकस, दोन नॅसॅरियस आणि टूथब्रश आहे. त्या दोन नॅसॅरियस जुन्या लॉटमधल्या, वाळूत दडल्या म्हणून वाचल्या. विक्रेत्याला फोटो पाठवले तर त्याने पुढच्या पॅकेजवर २० टक्के सूट दिली. भावाने मला स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "घेऊ का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या शनिवारी नायट्रेटची टेस्ट किट घेऊन परत जाणार आहे.