मेनोचा दास आणि चलथाणचा पडाव

सुरतेहून भुसावळच्या बाजूस निघालेली गाडी उधना मागे टाकते आणि थोड्याच वेळात चलथाणचे स्टेशन लागते. गावात सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळी उलटून उसाचा हंगाम सुरू झाला, की येथपासून बारडोलीपर्यंतच्या आणि त्याही पलीकडच्या शिवारात पाले पडू लागतात. डांग, नंदुरबार, धुळे या जिल्ह्यांतून कोयते येतात. कोयता हे येथे केवळ हत्याराचे नाव राहिलेले नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता, असा मुकादमाच्या वहीतला हिशेब आहे. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडावयाची असते, गावी मुलांना सांभाळण्यास कोणी नसते, म्हणून मुलेही बरोबर येतात. ती धाकट्या भावंडांना राखतात, वाढे गोळा करतात, पाणी आणतात. मुकादमाच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नाही. या मुलांविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे, आणि तेही ग्रीक तत्त्वज्ञानाच्या आधाराने. ही सांगड वाचकांस चमत्कारिक वाटली तर त्यांनी थोडा धीर धरावा.

निमित्त एका नेहमी ऐकू येणाऱ्या मताचे आहे. उसतोड करणाऱ्याच्या मुलास भूमिती आणि व्याकरण कशासाठी, त्याला चार पैसे मिळवून देईल असे हातकाम शिकवावे, असे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात. पुष्कळदा ती कळवळ्यानेच बोलतात. परंतु या कळवळ्याच्या पोटी एक जुना सिद्धान्त दडलेला आहे, आणि तो इतका जुना आहे की त्याचा समाचार घेण्यासाठी अथेन्सपर्यंत जावे लागते.

ॲरिस्टॉटलने आपल्या 'मेटाफिजिक्स' या ग्रंथाचा आरंभच ज्ञानाची इच्छा माणसाला स्वभावतः असते या प्रतिपादनाने केला आहे. पुरावा म्हणून तो कोणा पंडिताकडे बोट दाखवीत नाही. कोणतेही काम साधावयाचे नसतानाही आपल्याला नुसते पाहणे आवडते, एवढेच तो म्हणतो. पुढे तो सांगतो की ज्या विद्या केवळ जाणण्यासाठी असतात त्या सर्वांत शेवटी, पोटाची भ्रांत मिटल्यावर उदयास आल्या. इजिप्तमध्ये गणित निघाले ते तेथील पुरोहितवर्गाला फुरसत होती म्हणून. फुरसतीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याच शब्दापासून इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द आला. शाळा म्हणजे मुळात रिकामा वेळ! परीक्षांच्या चरकात पिळून निघणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय मुलांना हे सांगितले तर ती बिचारी हसतील. पण तो विषय वेगळा.

येथवर ॲरिस्टॉटलपुढे आमचे मस्तक नम्र आहे. मात्र ही फुरसत कोणाच्या जिवावर, असे विचारताच या थोर पुरुषाचा हात आखडतो. 'पॉलिटिक्स' या ग्रंथात तो निसर्गतःच दास असणाऱ्या माणसांची जात मानतो. दुसऱ्याचा विचार समजण्यापुरती बुद्धी त्यांना आहे, स्वतः विचार करण्याइतकी नाही, असे त्याचे म्हणणे. सगळ्यांना स्वभावतः ज्ञान हवे असते हे एका ग्रंथात सांगावयाचे आणि दुसऱ्यात त्या 'सगळ्यां'तून एक मोठा समूह वगळावयाचा, ही विसंगती त्याच्या कशी लक्षात आली नाही याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे. तेथेच त्याने असेही लिहून ठेवले आहे की धोटे आपोआप विणू लागते, तर धन्याला दासांची गरज उरली नसती. सुरतेत यंत्रमाग येऊन कित्येक पिढ्या झाल्या. धोटा आपोआप धावू लागला, मग धोट्याशिवाय चालणारे मागही आले. फुरसत मात्र मागावरच्या कामगाराच्या वाट्यास आली नाही; ती कोठे गेली हे सुरतकरांस ठाऊक आहे. यंत्र आल्याने माणूस मोकळा होतोच असे नाही, हे ॲरिस्टॉटलला कळण्याचा संभव नव्हता. आपल्याला तरी कळावयास हरकत नसावी.

या सिद्धान्ताचे उत्तर ॲरिस्टॉटलच्या गुरूनेच त्याच्या आधी देऊन ठेवले होते. प्लेटोच्या 'मेनो' नावाच्या संवादात सॉक्रेटिस आणि थेसलीहून आलेला श्रीमंत तरुण मेनो सद्गुण शिकविता येतो काय, यावर वाद घालीत असतात. वाद अडतो. जे आपल्याला ठाऊकच नाही त्याचा शोध घ्यावयाचा तरी कसा, असा पेच मेनो टाकतो. तेव्हा सॉक्रेटिस त्याच्याबरोबरच्या नोकरांपैकी एका दास मुलाला पुढे बोलावतो आणि दोन फूट बाजूचा चौरस आखतो. याचे क्षेत्रफळ चार. मग याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? मुलगा बेधडक सांगतो, बाजूही दुप्पट करा. तसे केले तर सोळा होतात. मग तो तीन म्हणतो. तेव्हा नऊ होतात. आता मुलगा थबकतो आणि आपल्याला कळत नाही असे कबूल करतो. याच ठिकाणी सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो, की या गोंधळाने याचे काही नुकसान झाले काय? आधी त्याला वाटत होते की आपल्याला कळते, आता कळत नाही हे कळले आहे, आणि म्हणून आता तो शोध घेईल. मग प्रश्नामागून प्रश्न करीत तो मुलाला कर्णापर्यंत नेतो. मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस बरोबर दुप्पट भरतो. हा कर्ण पूर्णांकात किंवा अपूर्णांकात नेमका सांगता येत नाही. तो बोटाने दाखवावा लागतो. पुढे ॲरिस्टॉटलने ज्ञानाचे मूळ आश्चर्यात आहे हे सांगताना याच न मोजता येणाऱ्या कर्णाचे उदाहरण घेतले. ते आश्चर्य प्लेटोच्या संवादात एका दासाच्या वाट्यास आलेले आहे!

प्लेटो यातून आत्म्याच्या अमरत्वाकडे जातो. आत्म्याने सर्व काही पूर्वीच जाणलेले असते, शिकणे म्हणजे आठवणे, असे तो म्हणतो. पूर्वजन्माचा विचार आमच्या वाचकांस परका नाही. ज्याला पटेल त्याने तो स्वीकारावा. आम्हांला त्यातला एवढाच अंश महत्त्वाचा वाटतो, की कर्णाचे सत्य मेनोच्या मालकीचे नव्हते. ते धन्यापाशीही तितकेच होते आणि दासापाशीही. परंतु संवाद पुढे सरकतो आणि या मुलाचे काय झाले हे प्लेटो सांगत नाही. त्याचे नावसुद्धा दिलेले नाही. मेनोला एक मुद्दा पटवावयाचा होता. तो पटल्यावर मुलाचे काम संपले. आमच्या प्रायोगिक शिक्षणाच्या किती तरी उपक्रमांची आठवण येथे व्हावी.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, जिच्यावरून बहुतेक वाचक घसरून पुढे जातात. मुलाला प्रश्न विचारण्यापूर्वी सॉक्रेटिस मेनोला एकच अट घालतो: हा ग्रीक आहे ना, ग्रीक बोलतो ना? कुळ नाही, पूर्वशिक्षण नाही. भाषा तेवढी हवी. पडावावरचे मूल घरात मावची, भिली, डांगी किंवा अहिराणी बोलते. नंदुरबार-धुळ्याकडच्या त्याच्या गावच्या शाळेत फळ्यावर मराठी असते. दिवाळीनंतर तेच मूल सुरत जिल्ह्यात येते आणि तेथल्या फळ्यावर गुजराती असते, अक्षरांच्या डोक्यावरची रेघसुद्धा नाहीशी झालेली. पाऊस तोंडावर आला की परत मराठी. सॉक्रेटिसची एकुलती एक अट आपण या मुलाच्या बाबतीत वर्षातून दोनदा मोडतो, आणि मग त्याला अभ्यासाची गोडी नाही असा शेरा मारतो.

याच लोहमार्गावर, नवापूरच्या अर्ध्या गुजरातेत आणि अर्ध्या महाराष्ट्रात असलेल्या स्टेशनावरून पुढे गेले की अमळनेर लागते. तेथे श्रीमंत प्रतापशेठ या गिरणीमालकांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा श्रेष्ठ तत्त्वचिंतक तेथे संचालक होता. साने गुरुजी याच मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आले, १९२४ पासून तेथल्या हायस्कुलात शिक्षक झाले, आणि १९३० मध्ये ती नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. अंतिम सत्य काय, याचा विचार गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात होऊ शकतो हे खानदेशाने दाखवून दिले आहे. कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजात तो का होऊ नये?

आधी पोट, मग प्लेटो, असे कोणी म्हणेल. म्हणणे खरे आहे, आणि पोटाचा प्रश्न उचल व मजुरीच्या दरापाशी सुटावयाचा आहे, मुलाच्या पाटीपाशी नव्हे. हातकामाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. १९३७ साली वर्ध्याला महात्माजींनी नई तालीम मांडली आणि बारडोली-व्यारा पट्ट्यातच वेडछीला जुगतराम दवे यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. तेथे चरखा हा ज्ञानाचा दरवाजा होता. ज्ञानाऐवजी दिलेली वस्तू नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायाची ओळख करून द्यावयाची आहे. ती कारखानदाराच्या आणि कोयत्याच्या मुलास सारखीच होणार असेल तर आमचा तिला मनापासून पाठिंबा आहे. एकास भूमितीबरोबर सुतारकाम आणि दुसऱ्यास भूमितीऐवजी सुतारकाम, असे झाले तर ॲरिस्टॉटलचा दास पुन्हा जन्मास आला असे आम्ही समजू.

आता सरकारांकडे वळावयास हवे. १ मे १९६० पूर्वी ही सारी वाट एकाच मुंबई राज्यातून जात होती. आज ती दोन राज्यांतून जाते, एवढ्याने मुलांची जबाबदारी अर्धी होत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास लागू आहे आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा, असेही तो सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, हे घटनेच्या ३५०-अ या कलमात आहेच. गुजरातने पडावावर तंबूतल्या शाळा काढल्या, महाराष्ट्राने साखरशाळा काढल्या; दोन्ही प्रयत्न स्तुत्य होते. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी शाळा शहरात आहेत, म्हणजे मराठी शिकविणारे शिक्षक या जिल्ह्याला नवे नाहीत. त्यांतले काही चलथाण-पलसाण्याच्या पडावांवर हंगामापुरते पाठविता येतील, आणि नंदुरबारहून मावची-भिली जाणणारे तरुण त्यांच्या जोडीस देता येतील. मुलाच्या गावच्या शाळेतली नोंद त्याच्याबरोबर यावी व त्याच्याबरोबर परत जावी. शाळा पहिली मोळी बांधली जाईल त्या दिवशी उघडावी. हंगाम निम्मा सरल्यावर फीत कापण्याचा समारंभ नको. गांधीनगर आणि मुंबई येथील शिक्षण खात्यांच्या सचिवांनी पुढच्या दिवाळीपूर्वी एकदा एकत्र बसावे आणि ती बैठक चलथाणलाच घ्यावी. सुरतेहून येण्यास फार वेळ लागत नाही.