डोळा वाचविणारे पहिले अठरा तास

मध्य प्रदेशात २०२५ च्या दिवाळीत ‘कार्बाईड गन’ नावाच्या घरगुती बंदुकीने शंभराहून अधिक जणांच्या, त्यातही प्रामुख्याने लहान मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. काही मुलांची दृष्टी गेली. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाईडचे खडे टाकायचे, त्यांवर थोडे पाणी सोडायचे आणि तयार होणारा ॲसिटिलीन वायू ठिणगीने पेटवायचा, एवढीच या बंदुकीची करामत. बार उडाला नाही की मूल नळीत डोकावते आणि नेमका त्याच क्षणी स्फोट होतो. डोळा भाजतो तो भाजतोच. शिवाय कार्बाईड आणि पाण्याच्या संयोगातून उरलेला चुनाही आत जातो. विक्रेत्यांवर गुन्हे दाखल झाले, बंदीची चर्चा झाली. परंतु ज्या मुलाच्या डोळ्यात चुना गेला, त्याच्या घरच्यांनी पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे आणि पुढच्या काही तासांत कुठे जायचे, हा प्रश्न मागेच राहिला.

मोठ्या शहरात या प्रश्नाचे उत्तर निदान जवळ तरी असते. इंदूरच्या दोन बाजूंना असलेल्या धार आणि देवास या जिल्ह्यांत ते तसे नाही. मराठी वाचकाला ही दोन्ही नावे पवार घराण्याच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. देवास तर कुमार गंधर्वांचे गाव म्हणूनही. २०११ च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख ८६ हजार, तर देवासची १५ लाख ६४ हजारांच्या घरात होती. धारमध्ये निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. देवास शहर इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, तर धार साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. कुक्षी-मनावरकडच्या गावांना हेच अंतर दुपटीहून जास्त पडते. साहजिकच डोळ्याचा गंभीर रुग्ण म्हटला की इंदूर, हे समीकरण रूढ झाले आहे.

या जिल्ह्यांतील कामाचे स्वरूपच डोळ्यांची परीक्षा पाहणारे आहे. गहू, सोयाबीन आणि कपाशीच्या शेतांत काढणी-मळणीच्या वेळी कुसळ, पान, काडी डोळ्याला लागणे नित्याचे. म्हणीतले कुसळ क्षुल्लक असते. शेतातले मात्र डोळा घेऊ शकते. पिथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत ग्राइंडिंग व वेल्डिंगच्या कामात धातूचे कण उडतात. अशा इजा सुरुवातीला किरकोळच दिसतात. डोळा थोडा लाल होतो, पाणी येते, खुपते. कामगार डोळा चोळतो, शेतकरी काढणी संपेपर्यंत थांबतो. दोन-तीन दिवसांनी कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक पडद्यावर, पांढरा ठिपका दिसू लागतो. जखमेत जंतू किंवा बुरशी शिरलेली असते. उपचारांनी ती बरी झाली तरी व्रण उरतो. त्यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात.

हे नुकसान किती मोठे आहे, याचा अंदाज २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणावरून येतो. पन्नाशीनंतरच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू असून त्याचा वाटा ६६.२ टक्के आहे. पन्नाशीच्या आतील लोकांत मात्र पहिला क्रमांक कॉर्नियावरील व्रणाचा लागतो आणि त्याचा वाटा ३७.५ टक्के आहे. म्हणजे कमावत्या वयातील आणि मुलांमधील अंधत्वाचे प्रमुख कारण असे आहे, की ज्यातील बराच भाग वेळीच उपचार झाल्यास टळू शकतो. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाची ओळख मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांशी जोडली गेली. त्या कामाचे मोल मोठे आहे. तथापि, डोळ्यात काडी गेलेल्या शेतमजुराची नोंद अशा उद्दिष्टात कुठेच होत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीलाही हेच लागू पडते. नर्मदेपलीकडे धारला लागून असलेल्या बडवानीत नोव्हेंबर २०१५ मध्ये झालेल्या मोतीबिंदू शिबिरानंतर जंतुसंसर्गाने चाळीसहून अधिक जणांची दृष्टी गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये इंदूरमधील शस्त्रक्रियांनंतर अकरा जणांना एका डोळ्याची दृष्टी गमवावी लागली. निर्जंतुकीकरणातील त्रुटींची चौकशी आवश्यकच होती. पण शस्त्रक्रियेनंतर वाढणारी वेदना आणि मंदावणारी नजर ही तातडीची अवस्था आहे, हे रुग्णाला शिबिरातून घरी पाठवतानाच सांगणे आणि गावाजवळ तो डोळा तपासणारे कोणी असणे, हेही तितकेच आवश्यक असते.

येथे खरी अडचण रुग्णालयांच्या संख्येपेक्षा निवडीची आहे. लाल डोळा हा नव्वद वेळा साधा असतो आणि दहा वेळा घातक, असे ढोबळमानाने धरले, तरी ते दहा कोणते हे ओळखणार कोण? डोळे येणे ही बहुधा विषाणूंची साथ असते; स्वच्छता पाळली, टॉवेल वेगळा ठेवला, तर ती आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. रांजणवाडीला गरम पाण्याचा शेक सहसा पुरतो. पांढऱ्या भागावर अचानक दिसणारा रक्ताचा डाग, वेदना नसेल आणि नजर चांगली असेल, तर भीतिदायक दिसला तरी बहुतेकदा निरुपद्रवी असतो. अशा रुग्णांनी इंदूर गाठण्यात दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च वाया जातो. शिवाय मोठ्या रुग्णालयातील रांग वाढते.

याउलट काही लक्षणे वाट पाहू देत नाहीत. अचानक कमी झालेली नजर, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखे वाटणे किंवा विजेसारखे लखलखाट, दिव्याभोवती वलये दिसून डोकेदुखी व उलट्या, बुबुळावरील पांढरा ठिपका, टोकदार वस्तूने झालेली जखम, नवजात बाळाचे चिकटलेले डोळे आणि चुना किंवा ॲसिड यांचा शिंतोडा, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठणे भाग आहे. रसायन गेले असल्यास निघण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याने डोळा किमान पंधरा ते तीस मिनिटे धुवावा. त्या क्षणी जवळचा नळ रुग्णालयापेक्षा मोलाचा असतो. टोकदार वस्तू रुतली असेल, तर मात्र डोळा न धुता, न दाबता, झाकून न्यावा.

प्रत्यक्षात पहिला सल्ला बहुधा औषधांच्या दुकानात मिळतो. तेथे स्टेरॉइडयुक्त थेंब हाती पडले की लाली झपाट्याने ओसरते आणि रुग्ण निर्धास्त होतो. परंतु बुरशीच्या किंवा नागिणीच्या वर्गातील विषाणूंच्या जखमेत हेच थेंब रोग आतवर पसरवतात, तर दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदूला निमंत्रण देतात. असे थेंब चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. नियम आहे; उणीव आहे ती अंमलबजावणीची आणि दुकानदाराच्या जागी दुसरा विश्वासू सल्लागार देण्याची.

असा सल्लागार गावातच घडवता येतो, याचा पुरावा शेजारच्या नेपाळमध्ये आहे. भक्तपूर जिल्ह्यात गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सुमारे ३५ हजार लोकवस्तीवर दोन वर्षे लक्ष ठेवले आणि कॉर्नियाला ओरखडा आलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा ४४२ रुग्णांपैकी २८४ जणांवर इजेपासून अठरा तासांच्या आत उपचार सुरू झाले होते. त्यांतील एकालाही जखम चिघळून व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी उपचार सुरू झालेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना तो झाला. मलम तेच होते, कार्यकर्तेही तेच. फरक वेळेचा होता.

भारतात यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये डोळ्यांच्या सामान्य तक्रारींवरील उपचारांचा समावेश कागदोपत्री आहेच. तेथील कर्मचाऱ्याकडे दृष्टीतक्ता, बॅटरी आणि ओरखडा दाखवणारी फ्लुओरेसिन पट्टी असावी, मलमाचा साठा असावा, संशयास्पद डोळ्याचे छायाचित्र जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञाला पाठविण्याची सोय असावी आणि कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी पुढे पाठवायचे याचा एक पानी तक्ता भिंतीवर असावा. पिथमपूरसारख्या वसाहतीत संरक्षक चष्मा आणि डोळे धुण्याची जागा यांची तपासणी कारखाना निरीक्षकांनी गांभीर्याने करावी. यश मोजायचे झाल्यास शस्त्रक्रियांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहावा लागेल: इजा झाल्यापासून पहिला योग्य उपचार मिळेपर्यंत किती तास गेले?

हा प्रश्न मध्य प्रदेशापुरता मर्यादित नाही. धार ते इंदूर जेवढे अंतर, साधारण तेवढेच काणकोण ते बांबोळी. गोवा लहान आहे, रस्ते बरे आहेत, गोमेकॉ आहे. म्हणून डोळ्याची इजा येथे आपोआप वेळेत पोहोचते, असे गृहीत धरता येत नाही. चिरेखाणीत दगडाचा कण लागलेला कामगार किंवा फटाक्याने भाजलेले मूल पहिल्यांदा कोणासमोर बसते आणि ती व्यक्ती काय सांगते, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ती व्यक्ती प्रशिक्षित आहे की नाही, हे पुढील दिवाळीपूर्वी तपासून घेणे गोवा सरकारला अवघड नाही.